खाऱ्या हवेतल्या जुन्या मोटारसायकली आणि पासिंग : अनुभव सांगावेत

खासगी दुचाकीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि त्यानंतर दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करून घ्यावे लागते. नमुना २५ मधील अर्ज, पर्यावरण कर, चालू विमा, पीयूसी आणि शेवटी मोटार वाहन निरीक्षकासमोर प्रत्यक्ष तपासणी, एवढीच ही प्रक्रिया आहे. परंतु अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्यांच्या पडवीत येझदी, राजदूत किंवा कास्ट आयर्न (बिडाच्या इंजिनाची जुनी) बुलेट उभी आहे, त्यांच्या गाडीची खरी परीक्षा त्याआधीच खारे वारे आणि चार महिन्यांचा पाऊस घेत असतात. माझ्या मते नव्या रंगापेक्षा आणि चकाकणाऱ्या निकेलपेक्षा चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, कोरलेले अंक शाबूत राखणे अधिक महत्त्वाचे आहे, कारण ते वाचता आले नाहीत तर बाकी सर्व मेहनत वाया जाते. ज्यांनी आपली गाडी या तपासणीतून पार पाडली आहे, त्यांनी काय केले ते तपशिलाने लिहावे, अशी विनंती आहे. आलेले अनुभव लिहिणाऱ्यांच्या गावाच्या नावाखाली दिले आहेत.

गुहागर

माझ्या वडिलांची येझदी अनेक वर्षे माडांच्या बागेतल्या खोपीत उभी होती. इंजिन फारसे कुरकुरले नाही. अडचण हँडल ज्या नळीत बसते तिच्यावर कोरलेल्या चासी नंबरची होती, कारण तिथे गंजाचा पापुद्रा धरला होता. तपासणीत या अंकांवर कागद ठेवून पेन्सिलीने ठसा घेतात आणि तो नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहतात. गावातल्या मेस्त्रींनी ग्राइंडर हातात घेतला, तेव्हा मी त्यांना नम्रपणे थांबवले. रॉकेलात भिजवलेले फडके त्या जागी रात्रभर गुंडाळून ठेवले आणि सकाळी मऊ पितळी ब्रशने हलक्या हाताने घासले, तेव्हा एकेक अंक दिसू लागला. लगेच घरीच ठसा घेऊन ठेवला आणि गाडी रंगाला देताना त्या जागेवर चिकटपट्टी लावायला सांगितले, कारण पावडर कोटिंगचा जाड थर बसला की कोरीव अंक भरून जातात. आता तिथे ग्रीसचा पातळ हात असतो आणि पावसाळ्यापूर्वी तो पुन्हा देते. अंक पूर्ण नष्ट झाले असतील, तर स्वतःच्या मनाने ते पुन्हा ठोकून घेऊ नयेत. आधी परिवहन कार्यालयात लेखी अर्ज करावा.

मालवण

आमच्याकडे अडचण गाडीची नव्हती, नावाची होती. राजदूत आजोबांच्या नावावर होती, ते निवर्तले होते आणि नोंदणी एम. एच. मालिका सुरू होण्यापूर्वीच्या तीन अक्षरी क्रमांकाची असल्यामुळे संगणकावर तिचा मागमूस नव्हता. आधी जुन्या नोंदवहीतून ती संगणकावर चढवून घेतली, ज्याला कार्यालयात बॅकलॉग म्हणतात, आणि मग नमुना ३१ भरून वारस म्हणून हस्तांतरण केले. काका आणि आत्या मुंबईला असतात, त्यामुळे त्यांच्या संमतीच्या सह्या गणपतीला सगळे घरी आले तेव्हाच मिळाल्या. ज्यांची गाडी अशीच वडिलोपार्जित आहे, त्यांनी कागद पूर्ण होईपर्यंत इंजिनच्या कामावर पैसा घालू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते.

राजापूर

टू-स्ट्रोक (पेट्रोलसोबत तेलही जाळणाऱ्या इंजिनाच्या) गाडीला पीयूसी, म्हणजे धुराच्या तपासणीचा दाखला, मिळणारच नाही, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे आणि त्यापायी चांगल्या आर. एक्स. १०० भंगारात गेल्याचे मी पाहिले आहे. वास्तविक ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींना कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९००० पीपीएमपर्यंत (दहा लाखांत ९००० भाग) मुभा आहे. त्यानंतरच्या टू-स्ट्रोकना मात्र ३.५ टक्के आणि ६००० पीपीएम ही मर्यादा लागते. एका केंद्रावर माझ्या १९९० च्या गाडीला नंतरची मर्यादा लावून ती नापास ठरवली होती. उत्पादनाचे वर्ष दाखवून दिल्यावर त्यांनी पुन्हा तपासणी केली आणि गाडी पास झाली. तरीही तयारी हवीच. सायलेन्सरच्या आतली नळी काढून तिच्यावरची तेलकट काजळी साफ करावी, एअर फिल्टर धुऊन वाळवावा, ऑइल पंपाची केबल खुणेवर आणावी आणि केंद्रावर जाण्यापूर्वी गाडी चांगली गरम होईल इतकी चालवावी. थंड इंजिन चोकवर सुरू करून लगेच तपासणी यंत्राची नळी लावली, तर कोणतीही टू-स्ट्रोक धूरच ओकणार.

अलिबाग

दिवा मंद लागतो, हॉर्न घोगरा वाजतो, ब्रेक दाबला तरी मागचा लाल दिवा पेटत नाही, या तक्रारींवर लोक बॅटरी बदलतात. समुद्रकाठी दोष बहुधा अर्थिंगमध्ये असतो. चासीला जिथे तार स्क्रूने बसवलेली असते, तिथे गंज येऊन विजेचा मार्ग तुटतो. ती जागा धातू दिसेपर्यंत घासून स्क्रू पुन्हा घट्ट केला आणि वर व्हॅसलीन लावले, एवढ्यानेच माझ्या बुलेटचे सर्व दिवे निरीक्षकांसमोर नीट लागले.

माझ्या गाडीला ५० वर्षे उलटली आहेत, म्हणून २०२१ च्या नियमांप्रमाणे तिची विंटेज नोंदणी करावी, असे अनेकांनी सुचवले. त्यासाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते, नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, ती १० वर्षे चालते आणि नूतनीकरणाला ५,००० रुपये पडतात. परंतु अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि देखभाल अशा मोजक्या कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. मी या बुलेटवरून बाजारात मासळी आणायला जातो आणि पुढेही जाणार आहे, म्हणून मी नमुना २५ चाच मार्ग धरला. ज्यांची गाडी केवळ रॅलीपुरतीच बाहेर पडते, त्यांना विंटेज नोंदणी अधिक सोयीची ठरेल. तसे कोणी केले असल्यास त्यांनी गाडीचे मूळपण कसे पटवून दिले, ते अवश्य लिहावे.