ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय: ट्यूनिंगसाठी गॅरेज कसं निवडायचं?

प्रश्न: माझी स्कोडा ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवाली) आहे, रोज ऑफिसला पण हीच नेतो, स्टेज १ रिमॅप (पार्ट न बदलता फक्त इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून पॉवर वाढवणं) करायचाय पण ट्रॅकवर वगैरे जाणार नाही, रस्त्यावरच पळवायचीय, तर गॅरेज चांगलं आहे हे ओळखायचं कसं?

उत्तर: भावा, आधी ते गिअरबॉक्सबद्दल काय बोलतात ते बघ. तुझ्या गाडीत सात स्पीडचा ड्राय क्लचवाला डीक्यू२०० आहे, त्याची टॉर्क (इंजिनचा फिरवण्याचा जोर) झेलायची मर्यादाच २५० न्यूटन मीटर आणि इंजिन कंपनीतूनच २५० देतं, म्हणजे रिमॅप केला की सगळा ताण क्लचवर. जो हे न सांगता नुसते पॉवरचे आकडे फेकतो तिथून सरळ निघ.

उत्तर: +१. डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) रिमॅपच्या आधीचा आणि नंतरचा, दोन्ही रन तुझ्याच गाडीचे माग, त्याच दिवशी त्याच डायनोवर. माझ्या ट्यूनरने आधी लॉग (चालत्या इंजिनच्या सेन्सरची नोंद) घेतले, स्पार्क प्लग बदलायला लावले आणि मगच रिमॅपची फाइल टाकली, असा माणूस मिळाला तर सोडू नको. कंपनीची मूळ फाइल जपून ठेवतात का तेही विचार.

उत्तर: ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल, टायर आधी कर रे, पॉवर नंतर. आणि वॉरंटी शिल्लक असेल तर प्लीज थांब.