कोटिंगची जाडी आधीच धरा
एकच व्हील स्पेसर (चाक आणि ते ज्यावर बसतं तो हब, यांच्यामधली अ‍ॅल्युमिनियमची चकती) करून घेतला तर दहाच्या तुलनेत प्रति नग एवढा महाग का, असं वर विचारलंय. प्रोग्रॅम, फिक्स्चर (नग मशीनवर पकडायचं साधन), मशीनचं सेटिंग यांचा खर्च एका नगालाही तेवढाच लागतो, म्हणून. पण त्याहून जास्त काळजी ड्रॉइंगची घ्या. हार्ड अ‍ॅनोडायझिंगचा (अ‍ॅल्युमिनियमवर चढवायच्या कठीण ऑक्साइडचा) ५० मायक्रॉनचा, म्हणजे ०.०५ मिमीचा थर साधारण निम्मा बाहेरच्या बाजूला वाढतो, म्हणजे बोअरचा (मधल्या भोकाचा) व्यास दोन्ही बाजूंनी मिळून सुमारे ५० मायक्रॉनने घटतो. ६५ मिमी बोअरला एच७ टॉलरन्सच (मापात चालणारा फरक) मुळी ३० मायक्रॉन! माझे चारही स्पेसर असेच हबवर बसेनात. फार हळहळ वाटली. ‘मापं कोटिंगनंतरची’ असं ड्रॉइंगवर स्पष्ट लिहा, आणि पहिला नग अ‍ॅनोडाइझ करून हबवर बसवून बघितल्याशिवाय बाकीचे करायला सांगू नका.