बँकेची ‘फ्री कॅश’ नेमकी कोणाची? सोसायटी ग्रुपवरची रविवारची चर्चा (वाघबीळ, ठाणे)

अमेय, बी-११०३: बँकेच्या शेअरची खरी किंमत कशी काढायची, हा काल गच्चीवर विषय निघाला होता म्हणून टाकतोय. एका मोठ्या खासगी बँकेचं दहा वर्षांचं एक्सेल केलंय. प्रत्येक वर्षाचा ऑपरेटिंग कॅश फ्लो (धंद्यातून आत-बाहेर झालेली रोकड) घेतला, त्यातून शाखा, एटीएम, कॉम्प्युटर वगैरेंचा खर्च वजा केला, उरली ती फ्री कॅश. महागाई लावून सगळे आकडे आजच्या रुपयांत आणले आणि सरासरी काढली. या हिशेबाने शेअर निम्म्या किमतीत मिळतोय. प्रधान काका, मुग्धाताई, जरा बघाल का?

देशमुख, सी-५०४: निम्म्या किमतीत?? नाव सांग आधी, एक्सेल नंतर 😀

सेक्रेटरी: आज ११ ते १ टाकीची सफाई आहे. पाणी भरून ठेवा. नंतर ग्रुपवर ओरडू नये.

प्रधान काका, ए-६०२: अमेय, फाइल उघडली. मेहनत दिसतेय. २०१६-१७ चा आकडा बाकीच्या वर्षांच्या कितीतरी वर गेलाय, तो का?

अमेय: नोटाबंदी, काका. डिपॉझिटं धो धो आली त्या वर्षी.

प्रधान काका: मग ती रोकड भागधारकाची कशी झाली? बँकेच्या कॅश फ्लोच्या पत्रकात ठेवी वाढल्या की ती रक्कम ‘ऑपरेटिंग’मध्ये जमा होते, आणि कर्जं वाटली की तिथूनच वजा होते. म्हणजे लोकांनी रांगा लावून भरलेले पैसे तुझ्या रकान्यात नफ्यासारखे दिसतात. उलट ज्या वर्षी बँकेने चांगली कर्जं दिली, धंदा वाढवला, त्या वर्षी तुझी फ्री कॅश उणे. २०१९ चा उणे आकडा बघ, त्याच वर्षी बँकेची कर्जं सगळ्यात जोरात वाढलीत.

मी बँकेत नोकरीला, आम्ही तेव्हा काउंटरच्या आत होतो. ८ नोव्हेंबर २०१६ नंतर इतक्या नोटा आल्या की ठेवायला जागा नव्हती. मग रिझर्व्ह बँकेने सांगितलं, १६ सप्टेंबर ते ११ नोव्हेंबरमध्ये जेवढी ठेव वाढली तेवढी सगळीच्या सगळी सीआरआर म्हणून, म्हणजे सक्तीची राखीव रोकड म्हणून, रिझर्व्ह बँकेकडे ठेवा. १०० टक्के! आणि सीआरआरवर व्याज शून्य. २६ नोव्हेंबरपासूनच्या पंधरवड्याला ते लागू होतं. ‘फ्री’ कॅश म्हणतोस ती ही अशी.

देशमुख: त्या रांगेत माझे दोन दिवस गेलेत. काका, तुम्ही आतून ‘कॅश संपली’ची पाटी लावायचात ना?

प्रधान काका: लावायला लागायची. विषयावर ये.

मुग्धा (सीए), ए-९०१: अमेय, दुसरी गोष्ट. कॅपेक्स, म्हणजे भांडवली खर्च, म्हणून तू शाखा आणि एटीएम धरलेस. बँकेच्या मानाने तो खर्च चिल्लर. बँकेचा खरा कॅपेक्स म्हणजे प्रत्येक कर्जामागे अडकवावं लागणारं स्वतःचं भांडवल. आपल्याकडे किमान सीआरएआर (कर्जांच्या मानाने ठेवायचं भांडवल) ९ टक्के, वर अडीच टक्क्यांचा कॅपिटल कॉन्झर्व्हेशन बफर, म्हणजे जादा राखीव भांडवल, एकूण साडेअकरा. तेही कर्जाच्या पूर्ण रकमेवर नाही, रिस्क वेट लावून, म्हणजे कर्ज जितकं धोक्याचं तितका मोठा हिस्सा धरून.

आपल्याच बिल्डिंगमधलं धर. कोणी ५० लाखांचं गृहकर्ज काढलं, घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांच्या आत. रिस्क वेट ३५ टक्के, म्हणजे हिशेबात साडेसतरा लाखच. त्याचे साडेअकरा टक्के, साधारण दोन लाख. तेवढं भांडवल त्या फ्लॅटमागे अडकलं. तेच ५० लाख पर्सनल लोन म्हणून वाटले तर? नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्याचा रिस्क वेट १०० वरून १२५ केला. अडकले सव्वासात लाखांच्या आसपास. कर्जाची रक्कम तीच आणि भांडवल साडेतीन पट. कॅश फ्लो पत्रकात याचा मागमूस नसतो.

अमेय: मग फ्री कॅश काढायचीच नाही का?

मुग्धा: काढायची, पण नफ्यापासून सुरुवात करायची. नफा वजा कर्ज वाढल्यामुळे जास्तीचं ठेवावं लागणारं भांडवल. उरलं ते वाटण्याजोगं. आणि तेही बँकेला वाटू दिलं तर! १७ एप्रिल २०२० चं रिझर्व्ह बँकेचं पत्रक आठवतंय? २०१९-२० च्या नफ्यातून पुढे डिव्हिडंड द्यायचा नाही, सगळ्या बँकांना. दणदणीत भांडवल असलेल्या बँकासुद्धा त्यात आल्या.

शिंदे काकू, बी-२०२: मुग्धा, तुमचं चालू दे, मी वाचतेय. फक्त महागाई कुठे लावली ते कळलं नाही. आमच्या एफडीला सात टक्के मिळतात आणि त्यातली निम्मी भाजीवालीकडे जातात, एवढं कळतं.

प्रधान काका: काकू, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. बँकेचं भांडवल रुपयांत असतं, यंत्रांत किंवा जमिनीत नसतं. दहा वर्षांपूर्वी घोडबंदरला फ्लॅटसाठी ४० लाखांचं कर्ज पुरायचं, आज तेवढ्याच फ्लॅटला ८० लागतात. बँकेने तेवढीच घरं फायनान्स करायची म्हटली तरी कर्ज दुप्पट आणि त्यामागचं भांडवलही दुप्पट. धंदा इंचभर वाढला नाही, तरी नफ्यातला मोठा वाटा आत ठेवावा लागला. म्हणून मी आधी नेटवर्थला, म्हणजे बँकेतल्या भागधारकांच्या पैशाला, महागाईचा दर लावतो आणि तेवढी रक्कम नफ्यातून बाजूला काढतो. तो नफा भागधारकाचा नाहीच, जागच्या जागी उभं राहायचं भाडं आहे ते.

खजिनदार, सी-१०१: हे मी दर एजीएमला सांगतो ते कोणी ऐकत नाही. सिंकिंग फंड (मोठ्या दुरुस्त्यांसाठीची शिल्लक) वर्षाला बांधकाम खर्चाच्या पाव टक्का, आणि बांधकाम खर्च बिल्डरने ताबा दिला तेव्हाचा. लिफ्ट मात्र आजच्या भावाने बदलायची.

देशमुख: झालं, मेंटेनन्स वाढणार 🙏

अमेय: काका, एक शंका. महागाईत कर्जदाराचा फायदा होतो म्हणतात. बँक तर ठेवीदारांची सगळ्यात मोठी कर्जदार. मग महागाईत बँकेचा फायदाच व्हायला हवा?

प्रधान काका: चांगला प्रश्न. ठेवींचं ओझं हलकं होतं, खरं आहे. पण बँकेने दिलेली कर्जंही तेवढीच हलकी होतात, कारण तीही रुपयांतच. दोन्ही एकमेकांत वळती झाली की उरतं काय? येणं जेवढं देण्यापेक्षा जास्त, तेवढं, म्हणजे नेटवर्थ. ते महागाईत झिजतं. करंट अकाउंटच्या बिनव्याजी पैशांवर व्याजदर चढल्यावर बँक जास्त कमावते, हे मान्य. ते आधीच नफ्यात आलेलं असतं, पुन्हा मोजायचं नाही.

देशमुख: मग सरळ सांगा ना. पीई (शेअरचा भाव भागिले शेअरमागचा वर्षाचा नफा) ६ ला मिळते ती सरकारी बँक स्वस्त की पीई १२ वाली खासगी?

प्रधान काका: दोन कल्पित बँका घे. दोघींची बुक व्हॅल्यू, म्हणजे नेटवर्थ, शेअरमागे २०० रुपये. महागाई ५ टक्के धरू. रिझर्व्ह बँकेचं लक्ष्य ४ आहे, खाली-वर २ ची मुभा. मी लांबच्या हिशेबाला ५ धरतो, माझा एवढा विश्वास नाही. महागाई सोडून मला ७ टक्के परतावा हवा.

पहिली बँक आरओई, म्हणजे नेटवर्थवरचा वर्षाचा नफा, १५ टक्के. नफा ३० रुपये. त्यातले १० महागाईसाठी आत. उरले २०. धंदा खऱ्या अर्थाने वाढवायचाच नसेल तर दर वर्षी हेच २० येत राहणार, आणि मला ७ टक्के हवेत, म्हणून २० ला ०.०७ ने भागा, साधारण २८६ रुपये. आता दर वर्षी ३ टक्के खरी, म्हणजे महागाईच्या वरची, वाढ धरा. आणखी ६ रुपये आत ठेवावे लागतील, वाटायला १४. पण वाटायची रक्कम दर वर्षी ३ टक्क्यांनी वाढणार, म्हणून भागायचं ७ वजा ३ म्हणजे ०.०४ ने. ३५० रुपये. वाढीने किंमत चढली.

दुसरी बँक आरओई ९. नफा १८. महागाईचे १० गेले, उरले ८. वाढ शून्य धरली तर ८ भागिले ०.०७, ११४ रुपये. पीई सहाच्या जरा वर! देशमुख, तुझी ‘स्वस्त’ बँक ती हीच, आणि ती स्वस्त नाही, बरोबर भावात आहे. आता हिलाही ३ टक्के वाढू दे. १८ मधले १६ आत गेले, हातात २, भागिले ०.०४. किंमत ५०.

अमेय: थांबा. वाढल्यावर किंमत निम्म्याहून खाली??

प्रधान काका: हो. महागाई काढली की हिची खरी कमाई भांडवलावर ४ टक्के, आणि आपल्याला हवेत ७. घालशील तो प्रत्येक जादा रुपया तोट्यात. अशा बँकेने ‘कर्जं २० टक्क्यांनी वाढली’ असं जाहीर केलं की पेपरात कौतुक होतं, मला धडकी भरते. इतकं वाढायला नफा पुरत नाही, मग नवे शेअर काढायचे नाहीतर सरकारकडे हात पसरायचा. ऑक्टोबर २०१७ मध्ये सरकारी बँकांसाठी २.११ लाख कोटींची भांडवलाची योजना आली, ती उगाच नाही.

देशमुख: पण सरकारी बँका गेल्या काही वर्षांत पळाल्या की जोरात.

प्रधान काका: पळाल्या, कारण आरओई सुधारला आणि बुडीत कर्जं उतरली. माझा राग बँक सरकारी असण्यावर नाही, ९ टक्क्यांवर आहे. सरकारी असून १६ कमावत असेल तर तिला पहिल्या बँकेच्या रांगेत बसव.

सेक्रेटरी: कृपया हा विषय वेगळ्या ग्रुपवर घ्यावा. हा सूचनांसाठी आहे.

शिंदे काकू: राहू दे हो. रोज पार्किंगची भांडणं चालतात ती चालतात का सूचनांत?

अमेय: काका, मग दहा वर्षांच्या सरासरीचं काय करू? टाकून देऊ?

प्रधान काका: अजिबात नाही, तुझ्या एक्सेलमधली तीच सगळ्यात चांगली गोष्ट. बँकेचं पाप चार-पाच वर्षांनी बाहेर येतं. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांच्या कर्जांची झाडाझडती घेतली, तिला एक्यूआर म्हणतात. तोवर सगळ्यांचे ताळेबंद गुटगुटीत दिसत होते. मार्च २०१८ पर्यंत थकीत कर्जं (एनपीए) एकूण कर्जांच्या ११ टक्क्यांच्या वर. २०१३-१४ चा नफा बघून शेअर घेणाऱ्याने त्यात असलेला तोटा पाहिलाच नव्हता. गेल्या चार-पाच वर्षांचीच सरासरी घेतलीस तर नुसतं ऊन दिसेल. चांगलं-वाईट दोन्ही यायला दहा वर्षं हवीतच. फक्त सरासरी रोकडीची नको, आरओईची काढ.

मुग्धा: आणि महागाई प्रत्येक जुन्या आकड्याला लावायची गरजच नाही मग. नफा आणि नेटवर्थ दोन्ही त्याच वर्षाच्या रुपयांत असतात. त्या वर्षीच्या आरओईतून त्या वर्षीची महागाई वजा कर, जे उरेल त्याची सरासरी काढ. गंमत बघ: २०१३-१४ ला महागाई ९ च्या वर होती. त्या वर्षी १६ टक्के आरओई मिरवणाऱ्या बँकेची खरी कमाई ७ सुद्धा नाही. २०१७-१८ ला महागाई ३.६. तिथे १३ टक्केवालीची खरी कमाई ९.४. वरवर पाहिलं तर उलटंच वाटेल.

बाय द वे, तुझ्या शीटमध्ये महागाईचे आकडे २४०, ३६३ असे आहेत. ते आयकराचे कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्स ना?

अमेय: हो. सहज मिळाला. २०१४-१५ ला २४०, २०२४-२५ ला ३६३.

मुग्धा: तो फ्लॅट विकताना कॅपिटल गेनसाठी, जुनी खरेदी किंमत महागाईप्रमाणे वाढवून धरायला (इंडेक्सेशन). शहरी सीपीआय (ग्राहक किंमत निर्देशांक) जेवढा वाढतो त्याच्या ७५ टक्केच त्यात धरतात. म्हणजे सरकार मुळातच महागाई कमी मोजून देतं. सरळ सीपीआय घे.

खजिनदार: हे माहीत नव्हतं! म्हणजे आमचा जुना फ्लॅट विकताना इंडेक्सेशन मिळालं तेही पाऊणच?

मुग्धा: पाऊणच. त्यावर वेगळं बोलू, खजिनदार काका. अमेय, अजून एक: दहा वर्षांत त्या बँकेने शेअर किती वेळा काढले ते बघ. एकूण नफा तिप्पट आणि शेअर दुप्पट झाले असतील तर तुझ्या हाती दीडपटच. सगळं शेअरमागे मांड.

अमेय: ओके. शीट नव्याने लावतो. पण ३ टक्के खरी वाढ कशावरून? ५ का नाही? देश तर त्याहून जास्त वाढतोय.

प्रधान काका: पहिल्याच बँकेवर करून बघ. वाढ २ टक्के: वाटायला १६, किंमत ३२०. ३ टक्के: ३५०. ४ टक्के: ४००. ५ टक्के: वाटायला जेमतेम १०, आणि किंमत ५००! हातात येणारे पैसे कमी होत चाललेत आणि सूत्र किंमत चढवत चाललंय, कारण सगळा फायदा लांबच्या वर्षांत ढकलला. तिथपर्यंत आरओई १५ वरच राहील हे गृहीत आहे. माझ्या नोकरीत अशा टिकलेल्या बँका बोटांवर मोजण्याइतक्या पाहिल्या. म्हणून मी २ च्या पुढे पैसे मोजत नाही, ३ झाले तर आनंद.

देशमुख: म्हणजे ३२० च्या खाली आला की काका घेणार. नोंद केली.

प्रधान काका: मी कल्पित बँकेचं बोलतोय, मित्रा. खऱ्या बँकेचं आधी नेट एनपीए (तरतूद वजा जाता उरलेली थकीत कर्जं) आणि सीईटी-१ (भागधारकांच्या मूळ भांडवलाचं प्रमाण) काढून ठेव, मग संध्याकाळी वर ये. ग्रुपवर भाव सांगणार नाही.