रेड वाइन हवी पण ड्राय (गोडवा नसलेली) नको? मग हंगेरीतल्या एगेरची घ्या

स्वस्तातली, जरा गोडसर रेड वाइन कुठली, असं कुणी विचारलं तर हंगेरीची बघाच. बाटलीवर 'फेलेदेश' लिहिलेलं असलं की ती सेमी-स्वीट, म्हणजे लिटरला साधारण १२ ते ४५ ग्रॅम साखर. एगेरचं प्रसिद्ध बिकावेर (तिथली एक रेड वाइन) घेऊ नका, ते ड्राय असतं, तिथलीच फेलेदेश मेर्लो (मेर्लो ही द्राक्षाची जात) शोधा आणि थोडी गार करून प्या, फार छान लागते. एगेर म्हणजे ब्युक डोंगरांच्या पायथ्याचं गाव, मऊ ज्वालामुखी दगडात कोरलेली तळघरं, आणि १५५२ साली इश्तवान दोबोने मूठभर लोकांनिशी तुर्कांचा वेढा परतवला तो किल्ला पण इथलाच! बिकावेर म्हणजे 'बैलाचं रक्त', त्या नावाची गोष्ट याच वेढ्याची, पण ती दंतकथा.