नोह मुखवटा: रंगमंचावरचा की शोभेचा? आणि नागपूरच्या उन्हाळ्यात जपायचा कसा?

धंतोलीकर:
जपानी नोह नाट्यातला तरुण स्त्रीचा लाकडी मुखवटा आहे, बहुधा कोओमोते. उंची 21 सेंमी, रुंदी साडेतेरा. मागची बाजू काळपट तपकिरी, चकचकीत. कपाळाच्या आतल्या भागात डागून उठवलेला शिक्का आहे. समोरच्या पांढऱ्या रंगाला केसाएवढ्या बारीक भेगा पडल्या आहेत आणि हनुवटीजवळ एक खपली सुटायला आली आहे. हा खरंच वापरातला असेल का? शिक्क्यावरून काळ ठरतो का? ओल्या फडक्याने पुसला तर चालेल का? खोलीत एप्रिल ते जून कूलर सुरू असतो.

काष्ठमुख:
पुसू नका, हे आधी. तो पांढरा थर म्हणजे शिंपल्यांची पूड, गोफुन, प्राण्यांच्या सरसात कालवून एकावर एक चढवलेली. पाणी लागलं की सरस सुटतो. पुढेमागे कोणी लिंबू किंवा व्हिनेगरचा थेंब टाकून पारखायला सांगेल, तेही करू नका. शिंपल्याची पूड आम्लात विरघळते.

आता जुनेपणाबद्दल. समोरच्या डागांवर आणि ओरखड्यांवर अजिबात विसंबू नका. नोहचे कारागीर जुन्या नामांकित मुखवट्याची नक्कल करताना त्याचे ओरखडे, उडालेला रंग, धुरकटपणासुद्धा हुबेहूब उतरवतात. ती त्यांची परंपराच आहे, फसवणूक नव्हे. त्यामुळे चेहरा दोनशे वर्षांचा दिसला तरी लाकूड परवाचं असू शकतं. खरी साक्ष पाठ देते. भिंग आणि तिरका टॉर्च घेऊन बघा: कपाळ, नाक आणि गालांच्या आतल्या बाजूला घामाने लाखेची चमक गेलीय का? दोरीच्या दोन्ही भोकांच्या कडा रेशमी दोरीने गुळगुळीत झिजल्यात का? कपाळाच्या आत गादी चिकटवल्याचा डिंकाचा माग आहे का? हत्याराच्या खुणा सलग, हातच्या आहेत का? शोभेच्या मुखवट्याची पाठ बहुधा सपाट, घासलेली असते आणि टांगायला वर एकच भोक असतं. तरुण स्त्रीच्या मुखवट्यात बुबुळाचं भोक चौकोनी कोरतात, तेही तपासा.

तुमची मापं रंगमंचाच्या मुखवट्याला जुळतात. तो नटाच्या चेहऱ्यापेक्षा लहानच असतो, खाली हनुवटी दिसते.

शिक्का म्हणजे फक्त एक धागा. 'तेनका-इची' म्हणजे 'जगात पहिला' ही कारागिरांची पदवी मिरवायला 1682 मध्ये बंदी आली, म्हणून ती कोरलेली दिसली की लोक मुखवटा त्याआधीचा धरतात. पण नक्कल करणारा शिक्क्याचीही नक्कल करू शकतो. पाठ आणि शिक्का जुळले तरच पुढे जा.

संवर्धन_विदर्भ:
भेगांची दिशा सांगा. उभ्या, लाकडाच्या रेषेतल्या असतील तर लाकूड आकसतंय. जाळीदार असतील तर वरच्या थरात सरस जास्त पडला आहे आणि तो खालच्या थराला ओढतोय.

नागपुरात खरा शत्रू कूलर आहे. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हात, खोलीतली हवा कोरडी ठणठणीत असते. कूलर लावला की खसाच्या ताट्यांतून ओला झोत येतो आणि तासाभरात आर्द्रता कुठच्या कुठे चढते. हिनोकीचं (जपानी सायप्रसचं) लाकूड फुगतं-आकसतं, वरचा थर तेवढा हलत नाही, आणि सरस कोरडेपणात ठिसूळ झालेला असतो. खपली तिथेच सुटते. म्हणून मुखवटा कूलरच्या खोलीत भिंतीवर नकोच.

झाकण घट्ट बसणारा डबा घ्या. 30 × 25 × 15 सेंमी म्हणजे सव्वाअकरा लिटर. त्यात साधारण सव्वादोनशे ग्रॅम सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे), घनमीटरला 20 किलो या हिशेबाने. बिनरंगी घ्या, आणि कोरडी टाकू नका, नाहीतर ती लाकडातलं पाणी ओढेल. पावसाळा सरल्यावर हायग्रोमीटर (आर्द्रतामापक) 50 ते 55 टक्के दाखवतो त्या दिवसांत ती ताटात पसरून पंधरा दिवस ठेवा, मग डब्यात भरा. मुखवटा मऊ सुती किंवा रेशमी पिशवीत, चेहरा वर. डांबरगोळ्या नकोत.

धंतोलीकर:
भेगा उभ्या आहेत. दुरुस्ती होईपर्यंत खपलीला फेव्हिकॉलचा ठिपका लावून ठेवू?

संवर्धन_विदर्भ:
नको. फेव्हिकॉल सुकल्यावर परत सुटत नाही आणि पुढच्या दुरुस्तीची वाट बंद होते. खोबरेल आणि वॉर्निशही नको. धूळ दाबून हवा सोडायच्या रबरी फुग्याने उडवा, खपलीपासून दूर. संवर्धक पातळ सरस बारीक कुंचल्याने खपलीखाली सोडतात आणि पातळ कागदावरून हलकेच दाबतात. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारा. नेताना डबा हातातच ठेवा, सामानाखाली नाही.

काष्ठमुख:
उचलताना बोटं फक्त दोरीच्या भोकांपाशी, दोन्ही कडांना. नटही चेहऱ्याला हात लावत नाहीत, कारण बोटांचं तेल गोफुनमध्ये मुरलं की निघत नाही. आणि लाकडाचा ताजा भुसा गळताना दिसला, म्हणजे आत कीड असेल, तर डबा वेगळ्या खोलीत न्या आणि संवर्धकाला सुटलेल्या खपलीच्या आधी ते सांगा.