कारपोर्टला परवानगी लागते का?

प्रश्न: घराच्या बाजूला गाडीसाठी शेड टाकायचीय, चार खांब आणि वर पत्रा, भिंत नाहीच. फॅब्रिकेटर म्हणतो परवानगी बिरवानगी काही लागत नाही, खरंय का?

उत्तर १: त्याचं काय जातंय म्हणायला, नोटीस आली तर तुमच्या नावाने येणार ना. छप्पर आलं की बहुतेक ठिकाणी ते बांधकामच धरतात, भिंत असो नसो. नुसती जमिनीलगत फरशी टाकली तर सहसा कोणी विचारत नाही.

उत्तर २: आधी हद्दीपासून किती जागा सोडायचीय ते बघा, बरेच अर्ज तिथेच अडकतात. आणि मोजताना नुसतं खांबापासून नको, पत्र्याची कड कुठवर येते तेही विचारा, मी खांब धरून नकाशा काढला आणि परत काढावा लागला 😅

उत्तर ३: खाली ड्रेनेजची लाइन नाही ना? पायाचे खड्डे तपासून घ्यायचे असतील तर काँक्रीट ओतायच्या आधीच तपासणाऱ्या अधिकाऱ्याला बोलवा, नाहीतर फोडून दाखवा म्हणतात. पत्र्याला वाऱ्याचा उचल जोर पण भारी असतो, नुसते बेसप्लेटचे (खांबाच्या तळाच्या लोखंडी प्लेटचे) चार बोल्ट पुरत नाहीत.

प्रश्नकर्ता: बापरे, हद्दीपासून जेमतेम दोन फूट उरतंय. फॅब्रिकेटरला थांबवतो आधी.