रत्नागिरी, दोन दिवस आणि गुडघ्याचं ऑपरेशन झालेले बाबा

सिद्धेश्वरपेठ :

नमस्कार. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बाबांना घेऊन रत्नागिरीला यायचं ठरवते आहे. हातात दोन पूर्ण दिवस आणि एक रात्र, बस्स. सोलापूरहून रात्रीच्या गाडीने निघणार, कोल्हापूरमार्गे.

बाबा ७४ वर्षांचे आहेत. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं इतिहास शिकवला. टिळकांचा धडा आला की फळ्यावर मंडालेपर्यंतचा नकाशा खडूने काढायचे, मुंबई कुठे, रंगून कुठे, सगळं. मी त्यांच्याच वर्गात होते म्हणून तो नकाशा मला अजून आठवतो. पण टिळक जन्मले ती रत्नागिरी त्यांनी कधी पाहिली नाही. आधी आमची शिक्षणं, मग आईचं आजारपण. मार्चमध्ये त्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. सपाटीवर चालतात, पण दहा-बारा पायऱ्या झाल्या की थांबावं लागतं.

बहीण म्हणते, रत्नागिरी म्हणजे गणपतीपुळे, तिथेच मुक्काम करा, शहरात बघण्यासारखं फारसं काही नाही. बाबा काही बोलत नाहीत, पण त्यांच्या मनात शहर आहे हे मला कळतं. दोन दिवस कसे वापरावेत? जेवण शाकाहारी लागेल (मला मासे चालतात). रत्नदुर्ग गडावर बाबांना नेता येईल का?

वाशिष्ठीकाठ :

मी चिपळूणचा. एकच गोष्ट सांगतो. सोमवार टाळा. गेल्या वर्षी सासू-सासऱ्यांना घेऊन सोमवारी गेलो आणि थिबा राजवाड्याच्या फाटकावरून परत फिरलो. आत संग्रहालय आहे, त्याला सोमवारी सुट्टी असते. सासरे बाहेरूनच लाल भिंतींकडे बघत उभे राहिले, ते मला आजही लागतं. शिवाय संकष्टीचा दिवस असेल तर गणपतीपुळ्याला गर्दी. कॅलेंडर बघूनच तिकीट काढा.

पडवी :

मी रत्नागिरीची. प्राथमिक शिक्षिका होते, २७ वर्षं नोकरी याच शहरात झाली. तुमच्या बाबांचा खडूचा नकाशा वाचला आणि ठरवलं की सविस्तर लिहायचं.

पहिला दिवस पूर्ण शहराला द्या. पुळ्याचा गणपती जागृत आहे, समुद्रही सुंदर आहे, पण तुमचे बाबा ज्यासाठी येणार आहेत ते शहरात आहे. आणि ते कुठल्या क्रमाने बघायचं याला फार महत्त्व आहे.

सकाळी टिळक आळीत टिळकांच्या जन्मस्थानी जा. ऊन चढायच्या आत, नऊ-साडेनऊला. कौलारू छपराचं जुन्या पद्धतीचं कोकणी घर आहे, मोठं नाही. २३ जुलै १८५६ चा जन्म, दहा वर्षांचे होईपर्यंत बाळ इथे वाढला, मग वडिलांची बदली पुण्याला झाली. आत तसबिरी आहेत, माहिती लावलेली आहे, पण घाई करू नका. बाबांना अंगणात जरा बसू द्या. जुनी वास्तू असल्याने दुरुस्तीची कामं निघतात आणि कधी काही भाग बंद असतो. आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी चौकशी करून ठेवा.

मग जेवण आणि दुपारची झोप. डिसेंबरातही इथे दुपारी घाम येतो, हवेत खार असतो. सोलापूरचं ऊन सोसलेल्या माणसाला हा दमटपणा जास्त थकवतो.

तीनच्या सुमारास थिबा राजवाडा. आता क्रम का महत्त्वाचा ते सांगते.

नोकरीच्या सुरुवातीला मी मुलांना आधी राजवाड्यात न्यायची. मुलं तीन मजल्यांची लाल इमारत बघायची, अर्धगोल लाकडी खिडक्या आणि त्यांतल्या रंगीत काचा बघायची आणि म्हणायची, केवढी मजा राजाची! मी कितीही सांगितलं की तो कैदी होता, तरी त्यांच्या डोळ्यांना ते पटायचं नाही. मग एका वर्षी मी उलटं केलं. आधी टिळकांचं घर, तिथे अंगणात बसवून मंडालेची गोष्ट, आणि मग राजवाडा.

गोष्ट तुमच्या बाबांना ठाऊक असेल, तरी तुमच्यासाठी लिहिते. थिबा हा ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, राजधानी मंडाले. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी त्याला पदच्युत केलं, आधी रंगून, मग मद्रास, आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये इथे आणून ठेवलं. त्याला परत कधी जाताच आलं नाही. बावीस वर्षांनी, १९०८ साली, रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना राजद्रोहाखाली सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना पाठवलं मंडालेला. थिबाच्याच राजधानीत, तिथल्या किल्ल्यातल्या तुरुंगात. १९१० साली थिबा या नव्या राजवाड्यात राहायला आला, तोवर चोवीस वर्षं तो इथल्या बंगल्यांत काढत होता. आणि त्याच १९१०-११ च्या हिवाळ्यात टिळक मंडालेत शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहीत होते. मंडालेचा माणूस रत्नागिरीत, रत्नागिरीचा मंडालेत, एकाच वेळी. टिळक १९१४ साली सुटून आले. थिबा डिसेंबर १९१६ मध्ये इथेच गेला.

त्या वर्षी ही गोष्ट सांगून झाल्यावर राजवाड्याच्या पायरीवर एका सहावीतल्या मुलाने विचारलं, “बाई, मग सरकारने दोघांची अदलाबदल करून दोघांनाही घरी का नाही पाठवलं?” मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवशी मजा हा शब्द कुणाच्या तोंडून आला नाही. तेव्हापासून निवृत्तीपर्यंत मी क्रम बदलला नाही.

अजून एक सांगते, ते सोलापूरकराला लगेच कळेल. मंडाले हा ब्रह्मदेशातला कोरडा मुलूख, पाऊस बेताचा, तुमच्याकडच्यासारखा. आणि आमच्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर कोसळतो. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल, कपाटातल्या कपड्यांना बुरशी, चार-चार दिवस सूर्य नाही. राजवाड्यात उभं राहून खिडक्यांकडे बघताना मला नेहमी त्याचे एकतीस पावसाळे आठवतात.

राजवाड्यातून निघालात की शिवाजीनगर भागात त्याची समाधी आहे. शेजारी धाकट्या राणीची. फार थोडे पर्यटक तिकडे वळतात, तुम्ही जरूर वळा. त्याच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९१९ साली, कुटुंब ब्रह्मदेशाला परत गेलं, पण थोरली राजकन्या पुन्हा रत्नागिरीला आली आणि इथेच राहिली. तिची मुलगी टूटू मराठी बोलत वाढली, इथल्याच माणसाशी लग्न करून इथलीच झाली. आमच्या शहराचा इतिहास मला राजवाड्यापेक्षा या मायलेकींमध्ये जास्त दिसतो.

शेवटी सूर्यास्ताला थिबा पॉइंट. खाली भाट्याची खाडी, पूल, आणि पलीकडे सुरूचं बन. तिथे बाग आहे, बसायला जागा आहे. बाबांना पायऱ्यांचा त्रास नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पतितपावन मंदिर बघा. सावरकर १९२४ ते १९३७ या जिल्ह्यात स्थानबद्ध होते. सर्व जातींच्या हिंदूंना गाभाऱ्यापर्यंत प्रवेश असलेलं हे मंदिर १९३१ साली उभं राहिलं, आणि त्यासाठी पैसा दिला तो भागोजीशेठ कीर यांनी. तुमचे बाबा सावरकरांबद्दल तासभर बोलतील, पण त्यांना भागोजीशेठांबद्दलही विचारा. रत्नागिरीत गरिबीत जन्मलेला भंडारी समाजाचा हा माणूस मुंबईत बांधकामाच्या धंद्यात मोठा झाला, आणि मिळवलेलं असं वाटून टाकलं. मुलांना मी त्यांचंच नाव आधी सांगायची.

म्हणजे बघा, एक जण इथे जन्मला आणि दूर कैदेत गेला, एकाला दुरून इथे आणलं, एकाला इथून हलायची बंदी होती. तिन्ही ठिकाणं रिक्षाने दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरात आहेत. शहरात काही नाही असं बहिणीने पुन्हा म्हटलं तर तिलाही सोबत आणा.

मिऱ्याबंदर :

बाईंनी लिहिलंय त्यात माझी भर फक्त चाकांची. मी रत्नागिरीत रिक्षा चालवतो.

ताई, शहर चढ-उताराचं आहे. नकाशात एक किलोमीटर दिसेल, पण तो चढाचा असेल. बाबांना चालवू नका. अर्ध्या दिवसासाठी एकच रिक्षा ठरवा, थांबण्याचे पैसे धरून आधीच बोलून घ्या, म्हणजे दोघांच्याही मनात काही राहत नाही. एसटीने आलात तर सरळ शहरात उतराल. आंबा घाट, साखरपा, पाली, हातखंबा करत गाडी येते. घाटात वळणं आहेत, बाबांना पुढची सीट बघा. परत जाताना रेल्वेचा विचार असेल तर लक्षात ठेवा, स्टेशन शहरापासून सहा-सात किलोमीटर लांब, कुवारबावकडे आहे. तास-सव्वा तास हाताशी ठेवा.

रत्नदुर्गाचं विचारलंत. जाता येईल. गाडी बरीच वरपर्यंत जाते, मग थोड्या पायऱ्या. आत भगवतीचं देऊळ आहे. गड घोड्याच्या नालासारखा, तीन बाजूंना समुद्र. तटावरून चालायचं असेल तर ते बाबांना जमणार नाही, पण देवळापर्यंत हळूहळू नक्की. मी एका आजींना नेलं होतं, मध्ये दोनदा बसल्या, पण पोचल्या. खाली मिरकरवाडा बंदर दिसतं, होड्या लागलेल्या असतात. आमचं सगळं घर त्या बंदरावर उभं आहे म्हणून सांगतो, दहा मिनिटं थांबून बघा. डिसेंबरात मासेमारी जोरात असते.

बाईंशी एका बाबतीत माझं मत वेगळं. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर आरे-वारेच्या रस्त्याने पुळ्याला जाऊन या. २५ किलोमीटर, समुद्र सोबतच असतो, बाबांना गाडीतूनच सगळं दिसेल. देवळाच्या आवारात पायऱ्या बेताच्याच. फक्त प्रदक्षिणा पूर्ण डोंगराला आहे, ती त्यांना घालू देऊ नका. आणि पाण्यात कुणीच उतरू नका. पुळ्याचा समुद्र फसवा आहे, आतून ओढतो, दरवर्षी माणसं जातात.

जेवणाचं म्हणाल तर शाकाहारी थाळी मारुती मंदिर परिसरात सहज मिळते. सोबत सोलकढी मागा, आणि सकाळी कुठे घावणे-चटणी मिळाली तर सोडू नका. तुम्ही मासे खाणार असाल तर संध्याकाळी खा, ताज्या म्हाकल्या किंवा बांगडा.

वाशिष्ठीकाठ :

पुळ्यापर्यंत जाणारच असाल तर अगदी पुढे मालगुंड आहे, केशवसुतांचं जन्मघर. शिक्षक माणसाला आवडेल.

सिद्धेश्वरपेठ :

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. पडवीताईंचं उत्तर मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. अदलाबदलीच्या प्रश्नापाशी त्यांनी मला थांबवलं, परत वाचायला लावलं. मग म्हणाले, “मी ३१ वर्षं नकाशावर एकच बाण काढला, मुंबईहून मंडालेकडे जाणारा. उलटा बाण काढायचा राहिला.” थिबाचं नाव त्यांना ठाऊक होतं, पण ती वर्षं एकमेकांवर बसतात हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. रात्री उशिरापर्यंत जुनी पुस्तकं काढून बसले होते.

आता ठरलं ते असं. मंगळवारी सकाळी पोचायचं, पहिला दिवस ताईंच्या क्रमाने. बुधवारी सकाळी पतितपावन, मग भगवतीचं देऊळ. पुळ्याचं बाबांचा पाय काय म्हणतो त्यावर. बहीणही येते आहे.

बाबांचा एक प्रश्न आहे, त्यांच्याच शब्दांत देते. “समाधीपाशी उभं राहिलं तर मंडाले कुठल्या बाजूला येतं?”

पडवी :

बाबांना माझा नमस्कार सांगा.

समुद्राकडे पाठ करून उभं राहायचं. तोंड पूर्वेला येतं. त्या रेषेत सह्याद्री, मग तुमचं सोलापूर. मंडाले त्याच्याही खूप पलीकडे, जरा उत्तरेकडे कललेलं. थिबा पॉइंटवरून सगळे समुद्राकडे बघतात, मुलांनाही मी आधी समुद्र दाखवायची आणि मग उलट फिरवून उभं करायची.

समाधीपाशी रिक्षा सोडून देऊ नका, थांबवून ठेवा. तिथून परत लगेच मिळेलच असं नाही, आणि पॉइंटवर सहाच्या आत पोचायला हवं. डिसेंबरात सूर्य लवकर जातो.